नववीच्या वर्गापुढं बोललेलं खोटं

सन २०२३. मी शहात्तर वर्षांचा होतो. शिक्षण तिसरी, तरी गावच्या हायस्कुलातल्या बाईंनी मला नववीच्या पोरांना शिकवायला बोलावलं. तुमच्या बौद्ध वस्तीचा इतिहास पुस्तकात नाही, तो तुम्हीच सांगा, म्हणाल्या. मी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेलो.

आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा गावकीची कामं टाकली. गावातली मेलेली ढोरं ओढून न्यायचं बंद केलं. गावानं दळण अडवलं, मजुरी बंद केली, तरी वस्ती मागं हटली नाही. हे सगळं सांगितलं. पोरं गप ऐकत होती, त्यानं मला चेव आला. म्हणालो, "त्या दिवसापासून माझ्या घरातल्या एकानंबी मेल्या जनावराला हात लावला न्हाई."

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरचं शेत आमच्या वस्तीला लागूनच. तिनं साधंच विचारलं, "पण बाबा, बहात्तरच्या दुष्काळात आमचा बैल तुमीच ओढून नेला म्हणतेत की आमचे आबा."

वर्ग हसला.

"तुझा आबा लबाड हाय," मी म्हणालो.

बाईंनी तिला माझी माफी मागायला लावली. तिनं मागितली. मग खाली बसली, अन् तास संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

तिचा आबा लबाड नव्हता. त्या साली घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. बापानं अन् मी दोर धरला, बैल माळावर नेला अन् पायलीभर ज्वारी घेऊन आलो. वस्तीत कुणापाशी बोलू नको, असं बापानं बजावलं होतं. बाप गेला तरी मी ते पाळलं, अन् त्याचा मला अभिमानच होता.

घरी आल्यावर बायकोला झालेलं सांगितलं. वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"त्या ज्वारीची भाकर मीच थापली होती," ती म्हणाली. "मंग मीबी लबाड का?"

मी जेवलो नाही. वस्तीत तोंड कसं दाखवायचं, बापाला लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधीच शाळेत गेलो. प्रार्थना होऊन वर्ग भरला, तरी त्या मुलीची जागा रिकामीच होती. बाईंना विचारून वर्गापुढं उभा राहिलो, बैलाचं सगळं सांगितलं, बापासकट. मग घरी न जाता तसाच तिच्या आबाच्या शेताकडं चालू लागलो.