पहिल्या नगावरची सही

मिस्त्रींच्या उजव्या तर्जनीला टोक नव्हतं. हाताने चालवायच्या पंचिंग प्रेसच्या जमान्यात ते गेलं होतं. कुणी विचारलंच तर "ते मशीनकडे जमा आहे" एवढं सांगून ते मोकळे व्हायचे. वीस-बावीस वर्षं त्यांनी पत्र्यावर सुईने रेघा ओढून, खुणा ठोकून, एकेक भोक पाडलं होतं. त्यांच्या भोकांना नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती, आणि हे सगळ्यांना माहीत असावं याची काळजी ते स्वतःच घेत.

मग संगणकावर चालणारं टरेट पंच आलं. खोलीएवढं धूड. वर एका गोल चक्रात चाळीस हत्यारं. हवं ते हत्यार चक्र फिरवून पुढे यायचं, खाली चिमट्यांत धरलेला पत्रा आपणहून सरकायचा आणि धाडधाड भोकं पडायची. बाहेरचे लोक नकाशे आणून द्यायचे, कारखाना त्यांना पत्रे पंच करून द्यायचा. मिस्त्रींचं दिवसभराचं काम मशीन दहा मिनिटांत उरकू लागलं. त्यांनी पहिले आठ दिवस तोंड पाडलं आणि नवव्या दिवसापासून ते त्याच मशीनला तेल घालायला दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात.

वरच्या मजल्यावर संगणकावर बसायला माणूस हवं होतं. मिस्त्रींनी आपल्या भाचीचं नाव पुढे केलं. बहीण एकटी, शिलाई करून तिने पोरीला शिकवलं होतं. पोरीला कारखान्यात सोडायला ती स्वतः आली होती. "दादा, तुझ्या भरवशावर पाठवतेय," एवढंच म्हणाली. मिस्त्रींनी भाचीला पत्रा शिकवला. किती जाडीला कुठली डाय, म्हणजे पत्र्याखालचा साचा, लावायची, भोक जाडीपेक्षा लहान का धरू नये, पंच बोथट झाला की कडेला धार कशी येते. पोर तल्लख होती. दोन वर्षांत ती मामाच्या पुढे गेली आणि मामा गावभर तिचं कौतुक सांगत हिंडला.

कारखान्याचा एक रिवाज होता. कुठल्याही कामाचा पहिला नग टेबलावर यायचा, मिस्त्री तो नकाशाशी ताडून बघायचे, मार्करने त्यावर सही करायचे, आणि मगच बाकीचे पत्रे मशीनवर चढायचे. त्या सहीसाठी मिस्त्री सगळ्यांना ताटकळत ठेवायचे. अर्धा-पाऊण तास सहज.

एके दिवशी मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं मशीन बघायला आली. त्यांतल्या एकाने मिस्त्रींना काहीतरी विचारलं. मिस्त्री घसा खाकरून सुरुवात करणार, तोच भाची हसत म्हणाली, "मामा फक्त पत्रा लावतो हो. बाकी सगळं मशीनला मी सांगते." सगळे हसले. मिस्त्रीही हसले. मालक त्याच ओघात म्हणाले, "पुढच्या महिन्यात लेसरचं मशीन शिकायला हिलाच पाठवणार आहे." मिस्त्रींना ते आजच कळत होतं. पोरीने थट्टा केली होती, दुसरं काही नाही. पण ती त्यांना लागली, आणि लागली ती लागलीच. आठवडाभर ते तिच्याशी कामापुरतं बोलत राहिले. तिच्या ते ध्यानातही आलं नाही, याचाही त्यांना राग आला.

त्याच आठवड्यात साठ कपाटांच्या दरवाज्यांचं काम निघालं. स्टीलचा पत्रा, एकाच बाजूला झिलई, वर ओरखडे पडू नयेत म्हणून निळा कागद. पहिला दरवाजा टेबलावर आला आणि मिस्त्रींनी क्षणात ओळखलं. कुलपाची खाच कपाटाच्या बिजागरीच्या बाजूला आली होती. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "मागून पाहिल्याप्रमाणे". भाचीने तो समोरून वाचला होता. साधा पत्रा असता तर पालथा करून भागलं असतं, पण झिलईच्या पत्र्याला दुसरी बाजूच नसते.

मिस्त्रींनी मार्कर उचलला. सगळं तीच सांगते ना मशीनला, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी सही केली. पाच मिनिटांत.

दुपारी भाची जिना उतरून खाली आली. "ठीक चाललंय ना, मामा?"

"चाललंय की," मिस्त्री म्हणाले.

तीन दिवसांनी गिऱ्हाइकाने साठही दरवाजे परत धाडले. मालकांनी दोघांना बोलावून पहिला नग पुढ्यात ठेवला. "ही सही कुणाची?"

मिस्त्री नगावरच्या सहीकडे बघत होते. तेवढ्यात भाची म्हणाली, "सही मामाची आहे. पण त्याने मला सांगितलं होतं, उलटं वाटतंय म्हणून. मीच ऐकलं नाही. म्हटलं, तू कर सही."

मालक तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लेसरला दुसऱ्या कुणाला तरी पाठवू. तुला अजून वेळ आहे."

बाहेर आल्यावर ती पत्र्यांच्या थप्पीशी थांबली. डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. "मामा, आधी डोळे तपासून घे. नंबर वाढलाय तुझा. एवढी मोठी खाच तुझ्या नजरेतून सुटली, हे मालकांना कळलं असतं तर मशीनवरून काढलं असतं तुला. मग कुठे जाणार होतास?"

मिस्त्रींना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. गप्प राहिले असते तरी निभावलं असतं. पण एकदा गप्प राहून झालं होतं.

"डोळ्यांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मला दिसली होती खाच."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"कधी?"

"पहिल्याच नगाला."

ती मनाशी हिशेब करत होती, हे त्यांना दिसत होतं. दरवाज्याला सहा मिनिटं, दरवाजे साठ. "सहा तास," ती म्हणाली. "सहा तास मी वर बसले होते, मामा. मध्ये खाली येऊन तुला विचारून गेले."

"चुकलं माझं. त्या दिवशी तू सगळ्यांसमोर..." आता ते कारण त्यांनाच पोरकट वाटलं. "मी आत जातो. मालकांना सगळं खरं सांगतो. तुलाच पाठवायला लावतो."

"सांग. तू सांगशील, माहीत आहे मला." तिने ओढणीने तोंड पुसलं. "मालकांचं सोड. मी जायची म्हणून आई आठ दिवसांपासून माझे कपडे शिवतेय. तिला काय सांगू? माझ्याकडून चूक झाली हे सांगेन मी. पण मामाने बघून होऊ दिली, हे कसं सांगू?"

मिस्त्री आत गेले आणि त्यांनी मालकांना सगळं सांगितलं. ते बाहेर आले तेव्हा भाची वर निघून गेली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, पण वर जायचा धीर त्यांना झाला नाही.