मावशीची सही

बेचाळिसाव्या वर्षी मी एम.ए.ला प्रवेश घेतला. त्याआधी चोवीस वर्षं तमाशाच्या फडात लावणी केली होती. बी.ए. झालं होतं ते मुक्त विद्यापीठातून, गावोगाव हिंडताना, राहुटीत पुस्तकं उघडून. पुढं गुडघा कुरकुरायला लागला, जत्रांचा हंगाम झेपेना. पुण्यात नृत्याचं एम.ए. करता येतं आणि मुरलेल्या कलावंतांनाही तिथं घेतात असं कळलं, तेव्हा मी अर्ज भरला. जन्मभर जे केलं तेच तर शिकायचं, त्यात अवघड काय असणार, असं वाटलं होतं.

नारायणगावहून सकाळच्या एसटीनं निघायचं. चाकणला गाडी तुंबली की पहिला तास बुडायचा. वर्गातल्या मुली बाविशीच्या, लहानपणापासून कथक नाहीतर भरतनाट्यम शिकलेल्या. पहिल्याच प्रात्यक्षिकाला बाईंनी प्रत्येकीला सांगितलं, आपापली रचना दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीपासून करून दाखवा. मुलींनी मात्रा मोजल्या आणि पाऊल उचललं. मला जमेना. मी लावणी कधी मधून सुरू केलीच नव्हती. ढोलकी चढत जाते, समोरची माणसं सावरून बसतात, अंग तापतं, आणि मग कुठं तिसरी ओळ येते. मी मनातल्या मनात पहिल्यापासून गात आले आणि तेवढा वेळ सगळा वर्ग माझ्याकडं बघत थांबला. नंतर बाईंनी विचारलं, या पावलाला काय म्हणतात? काहीच म्हणत नाहीत. आम्हाला शिकवताना मावशी नुसतं म्हणायची, ‘ते घे,’ आणि आम्ही ते घ्यायचो.

मावशी म्हणजे मला लावणी शिकवणारी. नात्यानं कुणी नाही, पण सोळाव्या वर्षी मी फडात गेले तेव्हा तिनं मला हाताशी धरलं. बैठकीची अदाकारी तिच्यासारखी कुणाची नव्हती. एका जागी बसून, गाण्याची एकच ओळ ती अकरा तऱ्हांनी करायची. ‘एवढा उशीर केला’ एवढेच शब्द. पहिल्यांदा राग, मग लटका राग, मग काळजी, मग सवतीचा संशय, असं करत करत शेवटी नुसती थकलेली बाई उरायची. हे सगळं डोळे, मान आणि एक हात एवढ्यावर.

माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लघुप्रबंधाचा विषय काढताना मी मावशीबद्दल बोलले, तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. हे कुठंच लिहून ठेवलेलं नाही, तुम्हीच करा, असं त्या म्हणाल्या. फक्त दोन गोष्टी पाळायच्या होत्या. चित्रीकरण हवं, आणि संमतीपत्रावर मावशीची सही हवी. त्या पत्राची एक प्रत तिच्याकडं ठेवायची, कारण तिनं कशाला होकार दिला ते तिच्या हातात असलं पाहिजे.

मावशी फड सोडून वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून ती बोरी बुद्रुकला लेकीकडं राहायची. लेक शेतकऱ्याच्या घरात दिलेली, चांगलं खाऊन-पिऊन सुखी घर. गावात सांगितलेलं असं की म्हातारी मुंबईला दवाखान्यात आया होती. ज्या जुन्या माणसांना ठाऊक होतं ती गप्प बसायची. मी जायचे तीही दवाखान्यातल्या मैत्रिणीची मुलगी म्हणून.

मी मावशीला विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली. फक्त म्हणाली, बेल्ह्याच्या बाजारादिवशी ये. त्या दिवशी लेक आणि जावई बैल बघायला गेले होते. मावशीनं दार पुढं केलं, खाटेवरची वाकळ खाली पसरली आणि पाय दुमडून बसली. पंचाहत्तरीच्या पुढचं वय, चार दात राहिलेले, आणि तिनं मान वळवली तर माझ्या अंगावर काटा आला. मी मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला होता. दुपारपर्यंत तिनं अकराच्या अकरा तऱ्हा केल्या. मध्ये एकदा थांबली, म्हणाली, ‘न्हाई, हे चुकलं, परत घे.’

संमतीपत्र मी वाचून दाखवलं. अंगठा चालेल म्हटल्यावर तिला राग आला. तिला सही येत होती. पत्रावर छापलं होतं, ‘माहिती देणाऱ्या तमाशा कलावंताची सही,’ त्याच्यासमोर तिनं एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं. मग म्हणाली, ‘नीट ठेव बाई हे. माझ्यामागं कोण करील?’ मी एक प्रत तिच्या उशाखाली ठेवली आणि वडापच्या जीपनं परत आले. इतकी खूश मी फडातही कधी नव्हते.

सहा आठवड्यांनी लेकीचा फोन आला. घरी या, एवढंच. गाद्या उन्हात घालताना तिला तो कागद सापडला होता. तिची मुलगी अवसरीला इंजिनिअरिंग शिकलेली, तिचं लग्न ठरलं होतं. बघायला आलेली माणसं ज्या खोलीत बसली होती त्याच खोलीत, त्याच उशाखाली तो कागद होता.

ती ओरडली असती तर मी काहीतरी बोलले असते. तिनं मला पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, ‘ताई, तुमी शिका, मोठ्या व्हा. पण ते पुसून टाका.’

मी समजावून पाहिलं. हे कुणाला दिसणार नाही, विद्यापीठाच्या कपाटात राहील, नाव बदलता येईल, चेहरा झाकता येईल. ती म्हणाली, ‘आज कपाटात, उद्या मोबाईलवर. तुमचं न्हाई का आलं?’ माझं आलं होतं. जत्रेत कुणीतरी मोबाईलवर काढलेली माझी चित्रं, खाली घाणेरडे शब्द लिहून, इतकी वर्षं फिरत होती. ती तिनंही बघितली होती. आणि चेहरा झाकला तर मावशीच्या अदाकारीत उरतं काय, ते मलाच माहीत होतं.

मावशी खाटेवर बसून ऐकत होती. मला वाटत होतं, ती आता बोलेल. ती ‘पुसू नको’ म्हणाली असती तर मला जोर आला असता. मी तिला सरळ विचारलं, ‘मावशी, काय करू?’

तिनं लेकीकडं बघितलं.  मग म्हणाली, ‘मी हिच्या घरात ऱ्हाते. ती म्हनंल तसं कर.’

मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली आणि बाहेर येऊन मॅडमना फोन केला. त्यांच्याकडंही चित्रीकरणाची एक प्रत होती. त्या म्हणाल्या, सही तुमच्या मावशीची आहे, मुलीची नाही. नियमानं तुम्ही ठेवू शकता. मी म्हटलं, नियमानं ठेवता येईल हो. पण मावशीला राहायचंय लेकीच्याच घरात.  त्या म्हणाल्या, मग मी माझ्याकडची काढून टाकते, तुम्ही काय करायचं ते ठरवा.

मी आत गेले आणि लेकीच्या समोर चित्रीकरणाचा एकेक तुकडा पुसला. चौदा होते. प्रत्येक वेळी मोबाईल विचारायचा, कायमचं काढायचं का, आणि प्रत्येक वेळी मी हो दाबायचे. मावशी बघत होती. संपल्यावर ती लेकीला म्हणाली, ‘झालं? मग च्या टाक.’ आम्ही तिघींनी चहा घेतला. त्या कागदाची प्रत लेकीनं चुलीत घातली.

लग्न झालं. मला बोलावणं नव्हतं. नंतर मी दोनदा बोरीला गेले, मोबाईल न घेता, नुसतं डोळ्यांनी बघायला. दोन्ही वेळा लेक खोलीतून हलली नाही. एकदा मी हळूच मान वाकवून विचारलं, संशयानंतर कोणती? मावशी म्हणाली, ‘आता कशाला,’ आणि तिनं हात पदराखाली घेतला.

मी आठवून आठवून लिहिलं. अकरातल्या सात जमल्या. बाकीच्या चार मला येत नाहीत, कारण त्या मी कधी शिकलेच नव्हते. त्या तरुण बाईच्या नव्हेतच, असं ती म्हणायची. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पानं चाळली आणि विचारलं, याला आधार काय? मी म्हटलं, आधार नाही. त्यांनी विचारलं, मग हे तुम्हाला कसं माहीत? मी खाली फरशीवर बसले आणि त्या सात करून दाखवल्या. ढोलकी नव्हती, साडी बदललेली नव्हती. पाचव्या तऱ्हेला सरांनी चष्मा काढला. तरी मार्कांच्या वेळी त्यांना आधार नसल्याचे मार्क कापावेच लागले, आणि ते चूक होतं असं मला म्हणता येत नाही. मी दुसऱ्या वर्गात पास झाले.

निकाल सांगायला बोरीला गेले तेव्हा मावशीचा डोळा लागला होता. तिची तब्येत खालावली होती, जेवणही आता लेकच भरवायची. मी लेकीला तिला उठवू दिलं नाही. लेक मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. वडापची वाट बघत आम्ही उभ्या होतो. ती म्हणाली, पास झालात हे लई बरं झालं. 

मग रस्त्याकडं बघतच ती बोलली. लहान असताना तिला मामाकडं ठेवलं होतं, आई वर्षातून दोनदा भेटायची. ‘मी तिला नाचताना कधी पाह्यलंच न्हाई, ताई,’ ती म्हणाली. ‘पुसायच्या आधी एकदा बघायला पायजे व्हतं.’

 मी तिचा हात धरला. गाडी आली, मागं जागा होती, मी चढले.