स्वतःच्या मालाची खोट सांगणारा

"देखी ल्या काका, लेवानी घाई नही."

बॅगेची चेन उघडायच्या आधी तो हे म्हणायचा. बघून घ्या, विकत घ्यायची घाई नाही. आता तुम्हीच सांगा, विकायला आलेला माणूस असं बोलतो का? तळोद्याच्या जीप-स्टँडसमोर फोटोचं दुकान चालवता चालवता मी म्हातारा झालो. शाळा चौथीपर्यंत, पण माणसाचं तोंड वाचायला चौथीही लागत नाही. बियाणंवाले आले, विमावाले आले, सगळ्यांना घाईच होती. घाई नाही म्हणणारा हा पहिला. मी तेव्हाच मनात गाठ मारली, की हा साधा नाही.

सुरतेच्या एका कंपनीचा तो फिरता माणूस होता. फोटोचे फ्लॅश विकायचा. मूळ आपल्याच खानदेशातला, बाप सुरतेला मिलमध्ये गेला म्हणून तिकडे वाढलेला. बोलणं अहिराणी, मधूनच गुजराती. गाडीने नंदुरबारला उतरायचा, तिथली दुकानं करून बसने तळोद्याला. दोन्ही खांद्यांवर बॅगा, आणि चालणं असं की रस्ता उधार घेतलाय. फ्लॅश उडवायच्या आधी तो स्वतःचा तळहात समोर धरायचा. हातावर उजेड कसा पडतो ते बघायचा, मगच लाइट माणसाच्या तोंडाकडे फिरवायचा. मला वाटायचं, नाटक आहे. जादूगारही आधी हात रिकामा दाखवतो.

त्याच्याजवळ तीन बनावटींचा माल असायचा. नावं इंग्रजीत, मला ती कधी वाचता आली नाहीत, आणि वाचून काय करणार होतो? मी खोक्यांच्या रंगावरून ओळखायचो. पिवळं खोकं परदेशी, काळं खोकं चिनी, निळं खोकं आपल्या देशात जोडलेलं. तिन्हींत दोन-दोन जाती. एक स्टुडिओचा लाइट, भिंतीच्या विजेवर चालणारा, पुढे मोठी छत्री लावायची. दुसरा बॅटरीचा, पिशवीत घालून न्यायचा.

तर हा माणूस एकेक खोकं उघडायचा आणि त्याची खोट सांगायचा. पिवळा चांगला, पण बिघडला तर मुंबईला जाईल आणि तिथून समुद्रापार, तो परत येईपर्यंत नवरा-नवरीला पोरं होतील. काळा हलका आहे, स्वस्त आहे, पण दोन नग एका रंगाचा उजेड देणार नाहीत, एका गालावर सकाळ आणि दुसऱ्यावर संध्याकाळ. निळा जड, दिसायला ओबडधोबड, एवढंच की दुरुस्तीवाला जवळ, सुरतेतच बसलेला. पिवळ्याचं ऑटोचं बटण दाखवून एकदा म्हणाला, "चांदी दिसनी का हाऊ घाबरी जास." आपल्याकडे डोंगरातल्या बाया गळाभर चांदी घालतात. लाइटला वाटतं उजेड फार झाला, आणि तो आपोआप मंद होतो. दागिना दिसतो, तोंड काळं पडतं.

मी मुलाला म्हणालो, हा चोर आहे. मुलगा म्हणाला, आबा, चोर मालाची स्तुती करतो. मी म्हणालो, तो लहान चोर.

माझा संशय उगाच नव्हता. माझे जुने दोन्ही लाइट गेले होते. एक जळला, दुसरा मनाला येईल तेव्हा पेटायचा. मोबाइल आल्यापासून दुकानात माणूस कमी, फक्त आयकार्डाचे फोटो. एकच खरेदी करता येणार होती. ती फसली तर मुलगा शटर ओढून सुरतेला साड्यांच्या मार्केटात जाणार होता, तसं त्याने तोंडावर सांगितलं होतं. त्याला बॅटरीचा लाइट हवा होता. डोंगरात जाऊ, पाड्यांवर लग्नं करू, म्हणायचा. मला स्टुडिओचा हवा होता. चांगला मोठा, छत्रीवाला. आयुष्यभर गिऱ्हाईक माझ्या पायरीवर आलं. मी पिशवी घेऊन कोणाच्या दारात उभा राहणार नाही.

मला वाटलं होतं विकणारा तरी माझ्या बाजूने बोलेल. स्टुडिओचा संच मोठा, त्यात कंपनीचा फायदा मोठा. तर हा बाकड्यावर बसला, चहा घेतला, दुकानाची रुंदी नुसत्या नजरेने मोजली आणि म्हणाला, "स्टुडिओना लाइट मी इकस. पण तुम्ही लेवू नका."

विकणाराच घेऊ नका म्हणतो! मी विचारलं, "मंग तुले काय मिळस?"

"मन्हं जाऊ द्या. तुम्हनं देखा."

माणूस स्वतःचं जाऊ द्या म्हणाला की खिसा सांभाळावा. बॅटरीचा माल गोदामात पडून असेल. किंवा बॅटऱ्या पुन्हा पुन्हा विकायच्या असतील. मी त्याला सांगितलं, बाजाराच्या दिवशी दोन्ही घेऊन ये. खऱ्या माणसांवर लावून दाखव. तुझ्या तळहाताचे फोटो काढायला कोणी येत नाही.

तो आला. मी आत पडद्यासमोर स्टुडिओचा लाइट लावून घेतला. छत्री उघडल्यावर दुकान भरल्यासारखं झालं, मला फार बरं वाटलं. तेवढ्यात समोर डोंगरातली एक जीप थांबली. पावरा कुटुंब, नातीचं लग्न ठरवून परत निघालेलं. आत बसलेले, मागे लोंबकळणारे, टपावरचे, सगळे उतरले. पुढे म्हातारी. गळ्यात, हातात, पायात चांदी. तिला सगळ्यांचा एक फोटो पाहिजे होता.

मी नेहमीसारखं सांगितलं, चार-चार जण आत या. आमच्या दुकानाची रीत तीच. पडद्यापुढे चारच मावतात. मग वेगवेगळे फोटो काढायचे, घरी नेऊन शेजारी शेजारी लावायचे.

म्हातारी त्या दिवशी हलेना. मला त्यांची पावरी बोली कळते. ती म्हणत होती, अर्धे आत आणि अर्धे बाहेर म्हणजे भांडण झाल्यासारखं दिसतं. आज सोयरीक झाली. आज कोणी बाहेर राहायचं नाही. मी म्हणालो, माझ्या दुकानात माझी रीत. तिने जीपकडे हात केला. सगळे परत चढायला लागले. माझा मुलगा माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात सुरतेचं तिकीट होतं.

तेव्हा हा लाइटवाला उठला. मला विचारलंसुद्धा नाही. निळ्या खोक्यातला बॅटरीचा लाइट घेतला, बाहेर जीपजवळ स्टँड उभा केला. वारा होता, म्हणून टपावरचं कांद्याचं पोतं उतरवून स्टँडच्या पायावर ठेवलं. ऑटो बंद केलं, लाइट वर उचलून तिरपा केला, म्हणजे चांदीवर सरळ मार बसणार नाही. माणसं उभी राहिली, जीपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी कॅमेरा घेऊन रस्त्यात उतरलो. रागातच उतरलो.

म्हातारीने पुन्हा हात वर केला. म्हणाली, तो एक बाहेर राहिला. तो म्हणजे हा. मी सांगितलं, तो तुमचा नाही, लाइटवाला आहे. तिला ते पटलं नाही. इथे उभा आहे ना, मग फोटोत का नाही? आज कोणी बाहेर राहायचं नाही म्हणाले ना मी. याने पुष्कळ नाही-नाही केलं. ड्रायव्हर आणि माझा मुलगा, त्यांनाही ओढलं. हा कडेला उभा राहिला, इस्त्रीच्या शर्टात, हात कुठे ठेवावे कळत नाही असा. आणि जन्मभर फ्लॅश विकणाऱ्या माणसाने दर फोटोत डोळे मिटले. बाया हसून हसून वाकल्या. शेवटी म्हातारी म्हणाली, राहू दे, झोपलेला तर झोपलेला.

फोटो चांगला आला. सगळ्यांची तोंडं दिसत होती. मी ते कबूल केलं, कारण दिसत होतं.

बॅटरीचा निळा लाइट घेतला. पण सीलबंद खोकं हातात देताच मी म्हणालो, खोक्यातला नको, स्टँडवरचाच दे. दाखवायचा एक आणि द्यायचा दुसरा, हे मी पुष्कळ पाहिलंय. तो हात जोडून म्हणाला, "काका, हाऊ घासाई जायेल शे. नवा ल्या." जितकं नवा घ्या म्हणाला, तितकं मी जुना धरून बसलो. शेवटी त्याने तो पुसून दिला. तोच अजून चालतो. मी कोणाला सल्ला विचारत नाही.

त्यानंतर तो काही वेळा येऊन गेला. लाइट तपासायचा, चहा घ्यायचा, काही विकायचा नाही. मी दर वेळी मुलाला सांगायचो, बघ, आता पोटातलं बाहेर येईल. आलं नाही. मग तोच यायचा थांबला.

नंदुरबारला मिरचीच्या बाजाराकडे एक फोटो-सामानवाला आहे. त्याला मी सहज विचारलं. तो म्हणाला, काढलं ना त्याला. कंपनीने सांगितलं होतं, या वर्षी स्टुडिओचे संच गेले पाहिजेत, त्यावरच त्याची नोकरी होती. आणि हा गावोगाव लोकांना सांगत फिरला, की तुमच्या दुकानात हा संच मावत नाही. मी विचारलं, मग त्याला बॅटरीच्या मालात काय मिळत होतं? सामानवाला म्हणाला, बाबा, काहीच नाही.

मी परतीच्या बसमध्ये त्याचाच विचार करत राहिलो. काहीतरी असणारच. काही न मिळता माणूस खरं कशाला बोलेल? फोन लावला, तो बंद लागला. अजून मला धागा सापडलेला नाही.

या उन्हाळ्यात त्याच पावरा कुटुंबाने लग्नाला बोलावलं. मी गेलो. पिशवी खांद्यावर घेऊन गेलो, जीपमध्ये पुढे बसून. पाड्यावरची वीज आठ दिवसांपासून गेलेली. अंगणात सगळे उभे केले, नवरी चांदीने वाकलेली. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हातारीचा हात वर गेला.

तिने विचारलं, तो झोपणारा कुठे आहे?

मी सांगितलं, तो नाही येणार. ती म्हणाली, मेला का? मी म्हणालो, नाही, नोकरी गेली त्याची. ती म्हणाली, मग येईल. लग्न आहे. आणि खाटेवर बसली. ती बसली तसे सगळे बसले, नवरा-नवरीसुद्धा.

ऊन डोंगरामागे गेलं. मुलगा माझ्या कानाशी आला. म्हणाला, आबा, तुम्ही सांगा ना तिला, उजेड चाललाय.

मी म्हणालो, "आपल्याजवळ उजेड आहे. थांब."

खाली जीपची वाट वळून वळून येताना दिसत होती. मीही खाटेच्या कडेला टेकलो आणि तिकडे बघत बसलो.