उमेदवार चहा घेत नाही

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळते, फक्त दुकानावर पाटी नसते. निवडणूक लागली की पाटीचीही गरज उरत नाही, कारण ती घरपोच येते. अशा जिल्ह्यात राहून महादेवरावांनी ठरवलं होतं की मत द्यायचं ते न पिणाऱ्यालाच. पक्ष विचारायचा नाही, जात विचारायची नाही. नालवाडीत त्यांची आणि आमची भिंत एक, त्यामुळे हा हट्ट मी संसारभर ऐकत आले आहे.

त्यांची तपासणीची एक रीत होती. उमेदवार दारात येऊन पाया पडायला वाकला की हे त्याला खांद्यांना धरून उठवत आणि छातीशी घेत. मागच्या कार्यकर्त्यांना वाटे, केवढा हा आपलेपणा. महादेवराव तेवढ्यात त्याच्या तोंडाचा वास घेत. वेलदोड्याचा वास आला तरी तो बाद, कारण सकाळी सकाळी वेलदोडा कोणी उगाच चघळत नाही, असं त्यांचं म्हणणं. यातून जो पास होई तो कोणाला पाजत नसे, आणि अर्थातच पडत असे. सत्त्याण्णव सालच्या जिल्हा परिषदेला त्यांच्या माणसाला आमच्या बूथवर दोन मतं पडली. ती कोणाची, हे अख्ख्या नालवाडीला ठाऊक होतं. एक त्यांचं आणि एक त्यांच्या बायकोचं, अनुसयाबाईंचं. तो माणूस भाषण करताना स्वतःच जांभया द्यायचा, त्याला तिसरं मत पडायचं काही कारणच नव्हतं.

अनुसयाबाईंना राजकारणात काडीचा रस नव्हता. त्यांचा जीव सकाळच्या चहात. पाइप-नळांचं दुकान उघडण्याआधी नवराबायको स्वयंपाकघरात पाटावर बसून एका पातेल्यातला चहा घेत. महादेवराव आपल्या कपातला घोटभर चहा बशीत ओतत आणि बशी तिच्याकडे सरकवत. मग दिवसभर हे गिऱ्हाइकांचे आणि संध्याकाळी कट्ट्यावरच्या मंडळींचे. बायकोच्या वाट्याला आलेला नवरा म्हणजे तेवढी बशी, आणि ती तेवढ्यात सुखी होती. मला तिचं नवल वाटायचं आणि थोडा हेवाही.

त्यांचा मुलगा कैलास कॉम्प्युटरच्या कामासाठी अमेरिकेत गेला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. दोन हजार सात सालच्या दिवाळीनंतर त्याने सहज सांगितलं, की तिकडे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला एक माणूस उभा राहतोय, तो मॉर्मन पंथाचा आहे, आणि त्या पंथात दारू चालत नाही. बिडी-सिगारेट नाही. इतकंच काय, चहासुद्धा नाही.

महादेवराव फोन घेऊन ताठ उभे राहिले. ज्याच्या तोंडाचा वासच घ्यायला नको असा उमेदवार त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटत होता.

"तू त्यालेच मत देजो," ते म्हणाले.

"बाबा, मले तिथं मत नाई. अन् पहिले त्याले पक्षाचं तिकीट भेटाले लागते. तेही लोकंच मत देऊन ठरवतात."

"तिकीट लोकं देतात?" महादेवराव खाटेवर बसले. "आपल्याइकडं तं तिकीट कोणाले भेटलं ते पक्षातल्या लोकायले बी पेपरातून समजते."

पुढच्या शनिवारी ते मारोतीच्या देवळात गेले, नारळ फोडला आणि नवस बोलून आले. माझ्या माणसाला तिकीट मिळेपर्यंत चहा बंद. उमेदवार पीत नाही तर कार्यकर्त्याने कसा प्यावा, हा त्यांचा मुद्दा. घरी येऊन त्यांनी कप पालथा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाटावर न बसता ओसरीत पेपर वाचत बसले. आत अनुसयाबाईंनी एकटीने चहा घेतला. बशी सवयीने काढली होती, ती तशीच पुन्हा मांडणीवर ठेवली.

मला त्यांचा रागच आला. अमेरिकेतल्या माणसासाठी हा माणूस इथल्या बाईची बशी बंद करतो, आणि सगळे म्हणतात काय निष्ठा. अनुसयाबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी सरळ हिशेब केला. त्या माणसाला तिकीट मिळालं की नवस सुटणार. त्यांनी पेपरातला त्याचा फोटो कापून गॅसच्या वरच्या भिंतीला चिकटवला आणि देवाला लावलेली उदबत्ती त्याच्यापुढूनही फिरवायला सुरुवात केली. रविवारी फोन आला की आधी त्याच विचारत, "आपला माणूस कुठं हाये आता? किती राज्यं उरले?" एका राज्यात तो हरला तेव्हा त्या दिवसभर जेवल्या नाहीत. एकात जिंकला तेव्हा माझ्याकडे वाटीभर शिरा आला. वर्धा जिल्ह्यात त्या उमेदवाराचे दोन कार्यकर्ते होते, एक तत्त्वाचा आणि एक चहाचा. दुसरा जास्त मेहनती होता.

फेब्रुवारीत एका सकाळी मी विरजण मागायला गेले, तर रविवार नसताना कैलासचा फोन आलेला. महादेवराव रिसीव्हर धरून बसले होते.

"पडला?" त्यांनी विचारलं. पलीकडचं ऐकलं. "माघार घेतली? पडला नाई अन् माघार काऊन घेतली?"

त्यांनी फोन ठेवला. त्यांचे आजवरचे सगळे उमेदवार पडले होते, कित्येकांचं डिपॉझिट गेलं होतं, पण मैदान सोडून कोणी गेला नव्हता.

अनुसयाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मंग आता त्याले तिकीट कधी भेटन?"

"नाई भेटत आता."

"अन् चहा?"

"मारोतीले शब्द देल्ला म्या. तिकीट भेटेपर्यंत म्हणलं होतं."

म्हणजे कायमचा बंद. हे मला जितकं कळलं तितकंच तिलाही कळलं. मला वाटलं आता ही रडेल. ती आत गेली आणि गॅस पेटल्याचा आवाज आला. आल्याचा वास सुटला. थोड्या वेळाने तिने हाक मारली, तीसुद्धा अशी, की महादेवराव उठून गेले. मीही विरजणाची वाटी घेऊन मागोमाग गेले, जायला नको होतं तरी. दोन कप भरलेले होते.

"सत्त्याण्णव साली तुमच्या माणसाले दोन मतं पडले होते," ती म्हणाली. "एक तुमचं. दुसरं कोणाचं होतं?"

"तुह्यं."

"काऊन देल्लं होतं म्या?"

"तो पेत नव्हता म्हणून."

"मले त्याचं नाव बी माईत नव्हतं जी. तुम्ही सांगतलं म्हणून देल्लं. दर वक्ती देल्लं." तिने पदर खोचला आणि त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "आता मी उभी हावो. मले बी एक मत पाह्यजे. मी पेत नाई. पाह्यजे तं वास घ्या. मारोतीले काय सांगाचं ते मी सांगीन."

मी खाली वाटीकडे पाहत राहिले. महादेवरावांनी हात लांब करून भिंतीवरचा फोटो काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि पाटावर बसले. कप उचलला, घोटभर चहा बशीत ओतला आणि बशी तिच्याकडे सरकवली.

त्यांच्या मताने उमेदवार निवडून आल्याचं मी पाहिलं, ते तेवढ्या एकाच वेळी.