पाचवा चिमटा

आमच्या शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या बाईंना सगळे दोरीवाल्या बाई म्हणतात. मी तिथली शिपाईण, पोरांची मावशी. माझं तोंड फटकळ आहे, ते आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुणाला लागायला नको.

बाईंच्या वर्गात मागच्या भिंतीवर एक दोरी ताणलेली असायची आणि तिला कपड्यांचे पाच चिमटे. गोष्ट वाचता वाचता बाई मध्येच थांबायच्या आणि चित्रं उलटीसुलटी करून पोरांपुढे टाकायच्या. आधी काय झालं, मग काय झालं, ते पोरांनी चिमट्यांत लावायचं. चार चित्रं लागली की पाचवा चिमटा रिकामा. "आता पुढचं तुम्हीच सांगा," बाई म्हणायच्या. नियम एकच, गोष्ट संपल्याशिवाय वर्गातून हलायचं नाही. बावीस वर्षं तो नियम त्यांनी पोरांच्या अंगी मुरवला. पोरं मुतायलासुद्धा उठायची नाहीत. मी म्हणायचे, "बाई, फरशी मलाच पुसावी लागते हं." बाई हसायच्या आणि पान उलटायच्या.

त्या वर्षी भिंतीखाली पांढरा भुगा पडायला लागला. रोज सकाळी मी तो झाडून टाकायचे, वर्ग लख्ख. मग दार खाली घासायला लागलं, तर सुताराकडून रंधा मारून घेतला. मग भिंतीला चीर दिसली, आधी बोटभर, आठ दिवसांत हातभर. वाईट दिसतं म्हणून तिच्यावर पाढ्यांचा तक्ता टांगला. कुणाला बोलले नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात, माझं काम मी चोख करत होते.

त्या दिवशी बाई छत्री उडालेल्या म्हातारीची गोष्ट वाचत होत्या. चार चित्रं दोरीवर लागली आणि खिडकीची काच आपली आपण तडकली. दगड नाही, चेंडू नाही. मी काचा उचलायला गेले आणि पुटपुटले, "आधी ते मेलं दार, आता काच."

बाईंनी पुस्तकातून मान वर केली. "दाराचं काय, मावशी?"

मी सांगितलं.

"आणि त्याच्या आधी?"

"भुगा पडायचा. रोज झाडते की मी."

"दारानंतर काय झालं?"

मी तक्ता बाजूला केला. चीर छतापर्यंत गेली होती आणि माझी करंगळी तिच्यात आरामात मावली असती. बाई एकेका चिमट्यावर बोट ठेवत गेल्या. भुगा, दार, चीर, काच. पाचव्या चिमट्यावर त्यांचं बोट थांबलं.

"मुलांनो, उठा. दप्तरं राहू देत. मैदानात चला."

पोरं एकमेकांची तोंडं बघत बसली. गोष्ट अर्धी होती ना. बाई ओरडल्या तेव्हा कुठे ती हलली. व्हरांड्यात मोठे सर आडवे आले. "तास चालू असताना ही वरात कुठे निघाली?" मी त्यांना खांद्याने बाजूला सारलं. नोकरी गेली तर गेली.

मैदानात बाईंनी डोकी मोजली. छत्तीस हवी होती, पस्तीस भरली. वर्गातली सगळ्यांत लहानखुरी पोरगी नव्हती, तिला मी शेंगदाणा म्हणते.

आम्ही दोघी धावत परत गेलो. पोरं बाहेर पडताना दार मागे ओढलं गेलं होतं आणि आता पुन्हा अडकलं होतं. दोघींनी जोर लावला तरी वीतभरच उघडलं. आमच्यासारखं मोठं माणूस त्यातून जाणं शक्य नव्हतं. आत शेंगदाणा दोरीखाली मांडी घालून बसली होती, तोंडावर बोट. वरून तिच्या केसांत भुगा पडत होता.

"ये गं पोरी, पळ," मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता.

तिने मान हलवली. "गोष्ट संपली नाही."

मी दाराला धडका देत होते. बाई फटीशी वाकल्या आणि वाचताना लावतात तोच आवाज लावला. "छत्री झाडात अडकली. पाखरांनी तिच्यात घरटं केलं. म्हातारी म्हणाली, असू दे, आणि भिजत घरी गेली."

"मग?"

"मग काही नाही. संपली गोष्ट."

शेंगदाणा उठली. फ्रॉक झटकला, आपली पाटी घेतली आणि फटीतून बाहेर आली. बाईंनी तिला उचललं. आम्ही पायऱ्या उतरतोय न उतरतोय तोच मागे भिंत बसली.

पंधरा दिवसांनी मैदानातल्या झाडाखाली वर्ग भरला. तोवर सगळे माझं कौतुक करत होते. मावशी काचेचं बोलली म्हणून पोरं वाचली, असं मोठे सरही म्हणाले, आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. बाईंनी दोन झाडांमध्ये नवी दोरी बांधली आणि शाळेत काय काय झालं ते पोरांना काढायला सांगितलं. मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले.

शेंगदाणाने पहिल्या चिमट्यात आपलं चित्र लावलं. चित्रात मी होते. हातात झाडू, पायाशी पांढरे ठिपके.

"आधी मावशीने भुगा झाडून टाकला," ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "मग?"