नाथाजी वडिलांची नावनिशीवार प्रार्थना

कुंभेवाडीची ख्रिस्ती मंडळी पापाला भीत असे, यात शंका नाही. फक्त ही भीती देवाची नव्हती, नाथाजी वडिलांची होती.

‘वडील’ हे त्यांचं मंडळीतलं पद. पाळकाच्या, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या, खालोखाल मान, प्रभुभोजनाच्या दिवशी, येशूच्या आठवणीची भाकरी वाटताना, ताट घेऊन बाकांमधून फिरायचा हक्क, आणि रविवारी उपदेशाआधीची मोठी प्रार्थना त्यांचीच. ती ऐकायला तासगाव रस्त्यापलीकडच्या वस्तीवरनं माणसं चालत येत. उपदेश चुकला तर चालेल, प्रार्थना चुकता कामा नये, अशी त्यांची श्रद्धा. कारण नाथाजी वडील मोघम बोलत नसत. “आमच्या पापांची क्षमा कर” एवढ्यावर त्यांचं भागत नसे. पाप कोणाचं, कोणतं, घडलं कुठं, हे सगळं ते देवाच्या कानावर घालत. “हे कृपाळू बापा, तुझं लेकरू हरिबा बाजाराला म्हणून तासगावला गेलं आणि तमाशाच्या तंबूत बसलं. तेही पुढच्या रांगेत. त्याच्यावर दया कर.” देव सर्वज्ञ आहे हे त्यांना मान्य होतं, पण कुंभेवाडीकडं त्याचं म्हणावं तसं लक्ष नाही, असा त्यांचा समज असावा.

स्वतः नाथाजी धुतल्या तांदळासारखे. विडी नाही, तंबाखू नाही, सिनेमा नाही. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी सांगलीला मिशनच्या बंगल्यात माळीकाम करण्यात घालवली होती. बंगल्यातला गोरा साहेब मायदेशी परत गेला तेव्हा त्यानं आपला काळा गरम कोट त्यांना दिला. चैत्राच्या उन्हातसुद्धा तो कोट अंगात घातल्याशिवाय नाथाजी प्रार्थनेला उभे राहत नसत. बागेत किडकी फांदी दिसली की छाटायची, हे ते तिथं शिकले. पाणी घालायचं कामही तिथंच शिकले होते, पण मंडळीत ते त्यांच्या फारसं उपयोगी पडलं नाही.

चौसष्ट साली वाडीला शांतवन नावाचे नवे पाळक आले. अंगानं किडकिडीत आणि आवाजानं त्याहून. एका रविवारी उपदेशात त्यांनी मोठ्या हौसेनं विचारलं, “ख्रिस्ती माणसानं पाप का टाळावं?”

प्रभूनं आपल्यासाठी प्राण दिला, त्याच्यावर आपलं प्रेम आहे, असं काहीतरी कोणी म्हणेल अशी त्यांची अपेक्षा. मागच्या बाकावरून हरिबा उठला.

“नाथाजीबाबा प्रार्थनेत नाव घेत्यात म्हून.”

“फक्त तेवढ्यासाठी?”

“दुसरं कारण आसंल तर सांगा की सायेब,” हरिबा प्रामाणिकपणे म्हणाला आणि खाली बसला. पाळकांनी पुढचा उपदेश आवरता घेतला.

नाथाजींना राग आला नाही. उलट त्यांचा ऊर भरून आला. घरी जेवताना ते बायकोला, राहीबाईला म्हणाले, “बगितलंस? माज्यामुळं वाडीतलं पाप कमी झालंय.”

“कमी न्हाई झालं,” भाकरी वाढत राहीबाई म्हणाली. “लपाय लागलंय.”

आता चंद्राबाईचं सांगायला हवं. ही नाथाजींच्या थोरल्या भावाची बायको. नाथाजींची आई ते लहान असतानाच गेली. नवी नवरी म्हणून घरात आलेल्या चंद्राबाईनं या दिराला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पाठवलं, स्वतःच्या ताटातलं भरवलं. नाथाजी जन्मभर तिला वैनी म्हणत आले, पण मनात ती आईच होती. आता तीही म्हातारी झाली होती, नवऱ्यामागं एकटी राहत होती. तिचा गळा मात्र शाबूत होता. चर्चात बायकांच्या बाजूनं गायन उचलायची ते चंद्राबाईच.

चैत्रात म्हसोबाची जत्रा असे. गावात घरोघरी बकऱ्याचं मटण शिजे. मूर्तीला वाहिलेलं खायचं नाही, हा ख्रिस्ती लोकांचा नियम. आणि उगाच संशय नको म्हणून त्या दिवशी ख्रिस्ती घरात कसलंच मांस शिजवायचं नाही, हा त्यावर नाथाजींनी बसवलेला नियम. सगळी मंडळी त्या दिवशी मुकाट्यानं आमटी खाई. नाथाजी दुपारी कोट घालून वस्तीतून एक फेरी मारत आणि दारोदारचा वास घेत.

त्या वर्षी वैनीच्या दारात त्यांचे पाय थबकले. आतून खमंग मसाल्याचा वास येत होता. तेवढ्यात शेजारची जाईबाई घरातून बाहेर पडली. जाईबाईचं घर म्हसोबाचं भक्त, आणि तिच्या हातात रिकामी पाटी. म्हणजे ती भरून आणली असणार. आत जाऊन विचारायला फारसे कष्ट पडले नसते. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर रविवारची प्रार्थना हातची गेली असती. नाथाजी तसेच माघारी फिरले.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. आपलीच वैनी! पण आपल्या माणसाला झाकलं तर लोक काय म्हणतील? विचार करता करता त्यांना आपल्या निःपक्षपातीपणाचं इतकं कौतुक वाटू लागलं की वैनी त्यात मागं पडली.

“हे बापा,” रविवारी त्यांचा आवाज कापत होता, “माझी सख्खी भावजय, जिच्या हातचं खाऊन मी वाढलो, ते तुझं लेकरू चंद्राबाई जत्रेच्या दिवशी म्हसोबाला वाहिलेलं मटण खातं झालं. बापा, तिच्या म्हातारपणाकडं बघ आणि तिला क्षमा कर.”

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. चंद्राबाई उठली. तिनं पदर सावरला, गायनांचं पुस्तक बगलेत मारलं आणि भर प्रार्थनेत ती दाराबाहेर निघून गेली.

उपासना संपल्यावर पाळकांनी नाथाजींना चर्चमागच्या बाभळीखाली नेलं.

“वडील, जत्रेच्या दिवशी मी चंद्राबाईंकडं जेवायला होतो.”

“मग तुमीबी बगितलंच आसंल.”

“ती कोंबडी होती. त्यांच्याच खुराड्यातली. मी पहिल्यांदाच घरी येतोय म्हणून माझ्यासाठी कापलेली. मला इथला नियम ठाऊक नव्हता आणि त्यांच्यानं पाहुण्यासमोर आमटी ठेववेना.”

“आन जाईबाई?”

“ती कोथिंबीर देऊन गेली.”

नाथाजींच्या तोंडचं पाणी पळालं. “आवं, मग तुमी तवाच का बोलला न्हाई?”

“प्रार्थना चालू होती,” पाळक जमिनीकडं बघत म्हणाले. खरं कारण दोघांनाही कळलं. पुढच्या रविवारी आपलं नाव नको, म्हणून पाळकसुद्धा गप्प बसले होते.

पुढच्या रविवारी चंद्राबाई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बायकांचं गायन कोणी उचलायचं यावरून गोंधळ होऊ लागला, आणि प्रत्येक गायन दुसऱ्या कडव्यात बसू लागलं. नाथाजींच्या काळजाला घरं पडली. त्यांनी राहीबाईबरोबर वैनीला वाटीभर सांडगे पाठवले. वैनीनं रीतीप्रमाणे वाटी रिकामी पाठवली नाही, मूठभर शेंगदाणे घालून दिली. निरोप मात्र एका शब्दाचाही नाही. स्वतः जाऊन दार ठोठावायला नाथाजी धजेनात. सगळ्या वाडीची पापं तोंडपाठ असणाऱ्या माणसाला आपलं एक सांगता येईना.

तशातच प्रभुभोजनाचा रविवार आला. कोणाशी वाकडं असेल तर आधी समेट करायचा आणि मगच भाकरीला हात लावायचा, हा दंडक. याच दंडकावर नाथाजींनी आजवर कितीकांपुढून ताट मागं घेतलं होतं. वैनी आज आली नाही तर ती मंडळीतून कायमची तुटेल, हे त्यांना दिसत होतं. ते प्रार्थनेला उभे राहिले.

“हे बापा, आमच्यापैकी कोणाच्या तोंडून काही कमीजास्त गेलं असेल तर...”

“नाव घ्या की बाबा,” मागून हरिबाचा आवाज आला.

“कुटं घडलं त्येबी सांगा,” बायकांतून कोणीतरी म्हणालं.

कोटाच्या आत नाथाजींना दरदरून घाम फुटला. सुटका नव्हती. त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. मग वास, पाटी, कोंबडी, कोथिंबीर. पण एकदा गाडी चालू झाल्यावर जुना वेग आला, आणि सवयीप्रमाणे त्यांनी पाळकांनी खाल्लेली कोंबडी आणि नंतर धरलेलं मौन, दोन्ही देवाला सविस्तर कळवलं. पाळकांचा चेहरा पडला. आमेन इतक्या जोरात झालं की छपरावरची कबुतरं उडाली.

“आज लय रंगली, बाबा,” हरिबा म्हणाला. नाथाजींना हलकं वाटलं. हलकंच नव्हे, थोडा अभिमानही वाटला. अशी कबुली वाडीत आजवर कोणी दिली होती? ते ताट घेऊन बाकांमधून फिरू लागले. राहीबाईपुढं आले, तर तिनं हातानं ताट मागं सारलं.

“घे की,” ते पुटपुटले.

“समद्यांची करमणूक झाली,” राहीबाई म्हणाली. “जिची माफी मागायची, ती हितं हाय का?”

मागं वळून नाथाजींनी ताट हरिबाच्या हातात दिलं आणि ते बाहेर पडले. तमाशाला पुढच्या रांगेत बसणाऱ्या हरिबानं त्या दिवशी मंडळीला भाकरी वाटली, आणि काही आभाळ कोसळलं नाही.

चंद्राबाई दारात बसून जोंधळे निवडत होती. एकटीच गायन म्हणत होती, आणि दुसरं कडवंही नीट म्हणत होती.

“वैनी.”

“आज प्रभुभोजन न्हवं? तू हितं कसा?”

नाथाजींनी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं, “हे कृपाळू बापा, तुझं लेकरू चंद्राबाई...”

“नाथा,” वैनी म्हणाली. “देवाला मागाहून सांग. मी काय खाल्लं ते त्येला ठावं हाय. डोळं उघड आन माज्याशी बोल.”

त्यांनी डोळे उघडले. समोर वैनी बसली होती. किती थकली होती ती! इतके दिवस त्यांनी तिच्याकडं धड पाहिलंच नव्हतं. काय कुठं घडलं, यातलं काहीच त्यांच्या तोंडाला येईना. त्यांना भयंकर लाज वाटली.

“वैनी, माजं चुकलं.”

चंद्राबाईनं सूप बाजूला ठेवलं.

“त्या दिशी दारापातूर आलतास. मला दिसला हुतास,” ती म्हणाली. “आत आला आसतास तर तुलाबी वाढलं आसतं रं.”

नाथाजी उंबऱ्यातच बसले आणि लहान पोरागत रडू लागले.