पाठमोऱ्यांची गायिका

वरदाला या जगात मी आणलं. म्हणजे कळा सोसल्या मालविकाने, पण साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात त्या दिवशी ड्यूटीवरची मिडवाइफ मी होते. बाहेर आल्या आल्या बयेने असा काही टाहो फोडला की मी म्हटलं, "मालविका, ही तुझ्यावर गेली गं, सुरात रडतेय." माझं नाव शशी. पोरगी मला मावशी म्हणते. नात्याने सख्खी नसले तरी हक्क सगळे सख्ख्या मावशीचे आहेत, आणि ते मी वेळोवेळी वापरते.

वरदा आज टँगो गाते. हे सांगितलं की आमच्या मराठी मंडळात लोक आधी नीट ऐकून घेतात आणि मग भलतंच काही विचारतात. मंडळातली नीना म्हणाली, "म्हणजे तो तोंडात गुलाब धरून करायचा डान्स ना?" अगं बाई, गुलाब-बिलाब काही नसतो. आणि डान्स बाकीचे करतात, ही गाते. स्पॅनिशमध्ये. सोडून गेलेल्या माणसांची, बंद झालेल्या घरांची गाणी. नीना म्हणाली, "मग आपलं भावगीत का नाही गात? आईने एवढं शिकवलं होतं." मी विषय बदलला. मला उत्तर माहीत होतं, पण वडे खाता खाता सांगण्यासारखं नव्हतं.

आईने शिकवलं होतं हे खरं. मालविका मंडळाची गायिका. गणपती असो, दिवाळी असो, पेटी काढली की आधी तिला पुढे बसवायचे. पण ती खरी गायची स्वयंपाकघरात. कणीक मळताना, डबे भरताना, एकीकडे वरदाचा होमवर्क घेताना. तिचे यजमान गिरीश, भूल देणारे डॉक्टर. दिवसभर लोकांना झोपवून घरी आले की स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि डोळे मिटून मान डोलवायचे. मी चिडवायची, "अहो डॉक्टर, बायकोला जरा मदत करा की." तर म्हणायचे, "ऐकणं हीच मदत." आणि छोटी वरदा त्यांच्या मांडीवर बसून आईच्या मागोमाग तीच ओळ म्हणायची. तसं घर मी दुसरं पाहिलं नाही.

वरदा चौदा वर्षांची असताना मालविका कॅन्सरने गेली. त्यावर मी जास्त बोलणार नाही, मला अजून जमत नाही.

त्यानंतरची एक संध्याकाळ सांगते, कारण मी तिथे होते. मी भाजी घेऊन गेले होते. वरदा सिंकपाशी भांडी धूत होती आणि धुता धुता नकळत गुणगुणायला लागली. आईचीच चाल, आईचाच आवाज. माझ्या अंगावर काटा आला. गिरीश टेबलापाशी बसले होते. ते उठले, कोट घातला, आणि बाहेर पाऊस असताना छत्रीसुद्धा न घेता निघून गेले. दार हळूच लावलं त्यांनी, आपटलं असतं तरी बरं झालं असतं. वरदा गप्प झाली. नळ तसाच वाहत होता, मी जाऊन बंद केला. त्या दिवसानंतर त्या घरात ती कधी गायली नाही. बाप काही बोलला नाही, पोरीने काही विचारलं नाही. दोघंही शहाणी, दोघंही समजूतदार. असल्या समजूतदारपणाला आग लागो.

मग ही गायची कुठे? बसस्टॉपवर. मल्टिस्टोरी कार पार्कच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे गाड्या नसतात. हे मला तिने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मी म्हटलं, "अगं, माझ्या घरी यायचंस की!" तर म्हणाली, "तू रडली असतीस, मावशी. मला कोणी रडायला नको होतं, कोणी उठून जायला पण नको होतं." चौदा-पंधरा वर्षांची पोर, कार पार्कमध्ये एकटी गातेय आणि खाली सगळं शहर आपापल्या घरी चाललंय. मला कळलं असतं तर कान धरून घरी आणली असती.

ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीत गेली तेव्हा रविवार तिला खायला उठायचे. बाकीची मुलं घरी फोन करायची. हीसुद्धा करायची. "जेवलीस का?" "जेवले." "थंडी आहे का?" "आहे." झालं, संपला फोन. अशाच एका रविवारी दुपारी ती एका चर्चच्या हॉलमध्ये शिरली, बाहेर टँगो आणि चहा असं लिहिलं होतं म्हणून. आत जोड्या नाचत होत्या. तिथली रीत अशी की तोंडाने कोणी विचारत नाही. लांबून नजर द्यायची, समोरच्याने मान हलवली की होकार. हिला कुणाच्या नजरेला नजर द्यायची सवयच राहिली नव्हती. दुपारभर खुर्चीत बसून राहिली, कोणी नाचायला उठवलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गेली, पुन्हा बसून राहिली. मग उगाच बसण्यापेक्षा किचनमध्ये जाऊन कप विसळायला लागली.

तिथे कॉलिनने तिला ऐकलं. कॉलिन म्हणजे फेरीबोटीवर इंजिनियर असलेला, रिटायर झालेला माणूस, तो बँडोनियन वाजवतो. आपल्या पेटीची लांबची बहीण समजा, मांडीवर घेऊन दोन्ही बाजूंनी ओढायची. कप विसळताना ही त्याचीच धून गुणगुणत होती. तो किचनच्या दारात येऊन उभा राहिला. हिला वाटलं, आता हाही उठून जाणार. तो म्हणाला, "गाशील का? आधीच सांगतो, इथे गाणाऱ्याकडे कोणी बघत नाही. सगळे एकमेकांच्या मिठीत असतात, निम्म्यांचे डोळे मिटलेले."

"चालेल," वरदा म्हणाली. "उलट बरंच आहे."

तर नीनाला द्यायचं उत्तर हे होतं. ज्या भाषेत आई कधी गायली नाही, ती हिने धरली. आणि जिथे कोणी उठून गेलं तरी कळणार नाही, तिथे जाऊन उभी राहिली.

त्यानंतर मात्र पोरीने नाव काढलं हो. शाळेत स्पॅनिश केलं होतं ते घासूनपुसून घेतलं. कॉलिनबरोबर ब्रिस्टल, कार्डिफ, लीड्स. पोटासाठी साउथहॅम्प्टनला परत येऊन क्रूझ टर्मिनलवर नोकरी, हसत हसत जोडप्यांना बोर्डिंग पास द्यायचे. एक हिवाळा तर बोटीवरच गायली, लोक जेवत असताना. केबिन खाली, खिडकी नसलेली. "मावशी, इथे सकाळ झालेली फोनवर कळते," म्हणाली. मग बर्लिनच्या एका ऑर्केस्ट्राने तिचं रेकॉर्डिंग ऐकून बोलावलं. सगळ्या युरोपभर दौरे, पेपरात फोटो, तिच्या नावाचा अल्बम. फोटोत लाल साडीचं कापड शिवून केलेला ड्रेस, केस आईसारखे. मी तो पेपर मंडळात सगळ्यांना दाखवला, नीनाला दोनदा.

पण मला कधी कार्यक्रमाला येऊ द्यायची नाही. मी तिकीट काढते म्हटलं की म्हणायची, "नको ना, प्लीज. तू समोर दिसलीस तर बाजूची बाबांची रिकामी खुर्ची पण दिसेल मला." यूट्यूबवर ऐकायची मी. दौऱ्यावरून परत आली की स्टेशनवर मीच आणायला जायची. सगळे कोणाकोणाच्या गळ्यात पडत असायचे, ही बॅग ओढत यायची आणि विचारायची, "बाबा कसे आहेत?" बाबा तिच्या घरापासून पंधरा मिनिटांवर! आणि बाबा मला सुपरमार्केटमध्ये भेटले की विचारायचे, "वरदा कशी आहे हो?" माझं डोकं सणकायचं. दोघांची पोस्टवुमन झाले होते मी.

यंदा मार्चमध्ये त्या बर्लिनच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम साउथहॅम्प्टनलाच ठरला, रविवारी दुपारी. आणि वरदाने स्वतः बापाला फोन केला. "बाबा, संडेला याल का?" एवढंच.

गिरीश थेट माझ्या दारात. नुकतेच रिटायर झालेले, शर्टाचं बटण खालीवर लागलेलं. म्हणाले, "शशी, मला नाही जमणार. तुम्ही सांगा तिला काहीतरी."

माझा संयम सुटला. "मी का सांगू? इतकी वर्षं पोरगी वाट बघतेय. मला कळतं हो, तिचा आवाज मालविकासारखा आहे, तुम्हाला त्रास होतो—"

"त्रास त्याचा नाही," ते म्हणाले. चहाच्या कपाकडे बघत राहिले. "वरदा गायली की मालविका पुसली जाते. त्या दिवशी सिंकपाशी ती गुणगुणली, आणि मी मालविकाचा आवाज आठवायला गेलो तर वरदाचाच आला. घाबरलो मी. कणीक मळतानाचा तो आवाज कुठल्या टेपवर नाही. मंडळाच्या कॅसेटवर आहे ती गायिका, माझी मालविका नाही. ती फक्त माझ्या डोक्यात आहे. रोज झोपताना एकदा ऐकतो. वरदाला ऐकलं तर तीही जाईल."

इतकी वर्षं मी समजत होते की माणूस दुःखाने बहिरा झालाय. तो तर राखण करत बसला होता.

कळवळा आला, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, "डॉक्टर, गेलेल्या बाईचा आवाज जपायला तुम्ही जिवंत पोरीचा आवाज बंद केलात. मालविकाने तुम्हाला घरात घेतलं नसतं." ते चहा तसाच ठेवून गेले. मला वाटलं, आता हे येत नाहीत, आणि मलाही पुन्हा तोंड दाखवत नाहीत.

रविवारी मी गाडी काढली, तर हे माझ्या फाटकापाशी उभे. नीट बटणं लावून.

हॉल गच्च भरलेला. मधे नाचायची जागा, कडेने खुर्च्या. आम्ही भिंतीपाशी बसलो. वाद्यं सुरू झाली, जोड्या गोल फिरायला लागल्या. वरदा मागे खुर्चीवर बसून होती, कारण या गाण्यात वाजवणारे खूप वेळ वाजवतात, गाणारा मध्येच उठून थोडंसं गातो आणि पुन्हा बसतो. ती उठली, माइकपाशी आली. तिने आम्हाला पाहिलं. आणि गायला लागली.

मी गिरीशकडे बघत होते. आधी हात खुर्चीला घट्ट धरलेले. मग डोळे मिटले. मग हळूहळू मान डोलायला लागली, तीच जुनी. आणि घात झाला! समोरच्या खुर्चीतल्या चांदीच्या केसांच्या बाईला वाटलं, हे मान हलवून तिला बोलावतायत. ती उठली, हॉल ओलांडून आली आणि हात पुढे करून उभी राहिली. गिरीशनी डोळे उघडले ते भूत दिसल्यासारखे.

"सॉरी," ते म्हणाले, "आय ॲम ओन्ली लिसनिंग. दॅट इज माय डॉटर."

बाई बिचारी गोड हसली, "हाऊ लव्हली," म्हणाली आणि दुसऱ्या कुणाबरोबर नाचायला गेली. पण त्यानंतर गिरीशनी डोळे मिटले नाहीत. ते हॉलभर बघत होते. मीही बघितलं. नुसत्या पाठी. एवढी माणसं, आणि वरदाकडे तोंड करून कोणीही नव्हतं. पोरगी जीव तोडून गात होती, आणि लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून फिरत होते.

कार्यक्रम संपल्यावर ती आमच्याकडे आली. घामाने ओली, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. गिरीश उभे राहिले. मला वाटलं, छान गायलीस म्हणतील. ते म्हणाले, "कोणी ऐकतच नव्हतं गं तुला."

"मला सवय आहे, बाबा," वरदा म्हणाली.

तिने टोमणा मारला नव्हता. साधं सांगितलं, जेवले म्हणून सांगते तसं. गिरीश तिथेच खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. ती खाली गुडघ्यावर बसली, त्यांचे हात धरले. मी कोट आणायच्या निमित्ताने बाजूला गेले. आयुष्यात पहिल्यांदा मध्ये बोलले नाही.

वरदाला वाद्यांच्या व्हॅनबरोबर जायचं होतं, दुसऱ्या दिवशी ब्रिस्टलला कार्यक्रम होता. आम्ही दोघं परत निघालो. ट्रॅफिक लाइटपाशी गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "मग? आहे का मालविका अजून?"

त्यांनी डोळे मिटले. लाइट हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी मी गाडी हलवली नाही.

"नाही," ते म्हणाले. "गेली."

मी गाडी सुरू केली. घर यायच्या थोडं आधी त्यांनी विचारलं, "शशी, उद्या ब्रिस्टलला पहिली ट्रेन किती वाजता असते हो?"